दाराची दोन कर्तव्ये

दुकानाच्या बंदोबस्ताविषयी व्यापारी मनुष्य जितका दक्ष असतो, तितका तो घराच्या बंदोबस्ताविषयी असत नाही. रात्री दुकान वाढविताना पोलादी शटर खाली ओढले जाते, दोन्ही अंगांस कुलपे पडतात, ती हिसका देऊन पाहिली जातात, किल्ल्यांचा जुडगा खिशात जातो आणि मगच मालक घराची वाट धरतो. आत तिजोरी असते, माथ्यावर कॅमेरा असतो, विम्याचा हप्ता वेळेवर भरलेला असतो. परंतु ज्या घरात त्याचे वृद्ध आईवडील, पत्नी आणि मुलेबाळे असतात, त्या घराच्या दारास कोणते कुलूप आहे, त्याच्या किल्ल्या किती आणि त्या कोणाकोणाजवळ आहेत, असे विचारल्यास पुष्कळांना उत्तर देता येणार नाही. दाराची निवड घर बांधताना किंवा सदनिका घेताना एकदाच होते, आणि तीही बहुधा नक्षी व पॉलिश पाहून.

या लेखात आम्ही दारे आणि खिडक्या यांविषयीच लिहिणार आहोत. विषय सुताराचा व लोहाराचा असे कोणास वाटेल. पण घरातील माणसांचे जीवित आणि घराची अब्रू या दोहोंशी त्याचा निकटचा संबंध आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, दारास दोन कर्तव्ये असतात. परक्या मनुष्यास आत येण्यास त्याने विलंब लावावा, आणि आतल्या मनुष्यास बाहेर पडण्यास त्याने क्षणाचाही विलंब लावू नये. आपल्या हैदराबाद शहरात पहिल्या कर्तव्यासाठी पुष्कळ लोखंड खर्च होते, तरीही ते नीटसे साधत नाही. आणि दुसऱ्याचा तर विचारच होत नाही.

प्रथम पहिल्या कर्तव्याकडे वळू. आपल्या भाषेत या गुन्ह्यास ‘घरफोडी’ म्हणतात. हा शब्द अक्षरशः खरा होता. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंती आणि त्यांत सागवानी फळ्यांचे जाड दार, अशी घराची रचना असे, तेव्हा दारापेक्षा भिंत फोडणेच सोपे पडे. शूद्रकाच्या आणि देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी रसिकांच्या ओळखीच्या झालेल्या ‘मृच्छकटिका’त शर्विलक हा चारुदत्ताच्या घरी असाच भिंतीला खिंडार पाडून शिरतो, आणि खिंडार कोणत्या आकाराचे शोभेल याचा विचारही करतो. त्या प्रसंगात व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगी एक गोष्ट आहे. चोरीस जातात ते दागिने चारुदत्ताचे नसतात. वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेली ती ठेव असते. माल गेल्याचे दुःख त्यास होत नाही. ठेव गिळंकृत केली असे लोक म्हणतील, हे त्यास जाचते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजही गिऱ्हाइकाचा जिन्नस, भावाबहिणींचे दागिने किंवा एखाद्या संस्थेची रोकड दोन-चार दिवस असतेच. म्हणून घराचे दार कमजोर ठेवणे ही केवळ स्वतःच्या मालमत्तेची बाब राहत नाही.

आता भिंती दगडविटांच्या व सिमेंटच्या झाल्या आणि दारे पातळ झाली. त्यामुळे चोराने भिंत सोडली व तो दाराकडे वळला. कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत घरफोडीच्या व्याख्येत प्रवेशाच्या सहा रीती सांगितल्या होत्या, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३३० व्या कलमातही त्याच आहेत: स्वतः पाडलेल्या वाटेने शिरणे, माणसाच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या वाटेने किंवा भिंत चढून शिरणे, घरधन्यास अभिप्रेत नसलेल्या रीतीने वाट उघडणे, कुलूप उघडणे, दारात बळजबरी करणे किंवा धाक दाखविणे, आणि बंद करून घेतलेली वाट मोकळी करणे. सोबतच्या उदाहरणांत दाराच्या भोकातून तार घालून आतली कडी उचलणारा चोर आहे, तसाच घरधन्याची हरवलेली किल्ली सापडून तिने दार उघडणाराही आहे. शिक्षा ठरविण्यासाठी केलेली ही यादी गृहस्थाने आपल्या घराच्या तपासणीसाठी हाती घेतली, तर तिच्यापेक्षा चांगली यादी त्यास मिळणार नाही. किल्ली हरविली असता पुष्कळ लोक दुसरी किल्ली करून घेतात. वस्तुतः कुलपाचे आतले यंत्र बदलून घ्यावयास हवे.

कोणतेही दार अभेद्य नसते. दाराचे सामर्थ्य मिनिटांत मोजावयाचे असते. नेदरलँड्स या देशात १९९९ पासून नव्या घरांची दारे व खिडक्या घरफोडीस तोंड देणाऱ्या असल्याच पाहिजेत असा नियम झाला. साध्या हत्यारांनी काम करणाऱ्या चोरास त्यांनी तीन मिनिटे दाद देऊ नये, हे त्याचे माप. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या एका अभ्यासात असे आढळले की, अशा नव्या घरांतील घरफोड्यांचे वार्षिक प्रमाण शेकडा १.१ वरून ०.८ वर आले. म्हणजे सुमारे चौथा हिस्सा कमी झाला. तीन मिनिटे ऐकावयास थोडी वाटतात. पण जिन्यात किंवा गल्लीत उभे राहून, कोणी येईल या भीतीने दाराशी झटणाऱ्यास ती फार होतात. कॅमेरा चोर दाखवितो, पण त्यास अडवीत नाही. अडविण्याचे काम दारालाच करावे लागते.

ही मिनिटे मिळतात ती महाग कुलपाने मिळत नाहीत. दाराचे सर्व अवयव सारख्या बळाचे असले तरच मिळतात. दारावर लाथ बसली म्हणजे बहुधा कुलूप तुटत नाही, चौकट फाटते. कुलपाची जीभ चौकटीतील ज्या पत्र्याच्या घरात शिरते, तो पत्रा कित्येक ठिकाणी अर्ध्या-पाऊण इंचाच्या दोन स्क्रूंनी बसविलेला असतो. तेथे तीन इंचांचे स्क्रू लावून ते चौकटीच्या लाकडात खोलवर नेले, तर अगदी थोड्या खर्चात दाराचे बळ पुष्कळ वाढते. चौकट स्वतः भिंतीत घट्ट हवी. तिच्या प्रत्येक उभ्या बाजूस होल्डफास्ट नावाच्या लोखंडी पट्ट्या निदान तीन असाव्यात आणि त्या काँक्रीटमध्ये पक्क्या बसविलेल्या असाव्यात. चौकट व भिंत यांच्यामधील पोकळी नुसत्या प्लॅस्टरने झाकलेली असेल, तर वरचे कुलूप कितीही नामांकित असो, त्याचा उपयोग नाही.

फळीच्या बाबतीतही तसेच. बल्लारशाच्या सागवानाचे दार उत्तम खरे; पण ते सर्वांस परवडत नाही. सपाट फ्लश दार घ्यावयाचे असल्यास ते आतून भरीव असावे आणि त्यावर भारतीय मानक २२०२ चा शिक्का असावा. पोकळ दार खोलीच्या आत चालेल, मुख्य प्रवेशास चालणार नाही. बिजागऱ्या तीन असाव्यात. दार बाहेर उघडत असेल तर बिजागरीची खीळ बाहेरच्या बाजूस उघडी पडते आणि ती ठोकून काढता येते; तेथे खीळ निघू न शकणारी बिजागरी बसवावी. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगते, दार लागेनासे होते, म्हणून सुतार ते रंधून देतो. पुढे उन्हाळ्यात तेच दार आकसते आणि फटीतून पातळ पत्री घालून नाइट लॅच मागे सारता येते. यासाठी केवळ लॅचवर भिस्त न ठेवता, फिरवून लोटली म्हणजे मागे न सरकणारी चौकोनी जीभ असलेले कुलूप असावे. बाहेरून लोंबणारे टाळे ही तर ‘घरी कोणी नाही’ अशी पाटीच होय. यात्रेस किंवा लग्नकार्यास आठ-दहा दिवस बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांनी तरी दारात बसविलेले कुलूप वापरावे, आणि सणासुदीच्या काळात पोलीस आवाहन करतात त्याप्रमाणे ठाण्यावर वर्दी द्यावी.

दार मजबूत झाले म्हणजे खिडकीची पाळी येते. न्हाणीघराच्या झरोक्यातील काचपट्ट्या आवाज न करता एकेक सरकवून काढता येतात. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी, तिच्या वरच्या खाचेत अडथळा बसविलेला नसल्यास, उचलून रुळातून बाहेर काढता येते. पुष्कळ ठिकाणी लोखंडी जाळी चौकटीवर बाहेरून स्क्रूंनी बसविलेली असते. म्हणजे ती काढण्याची सोय आपणच चोरास करून दिलेली असते. जाळीचे टोक भिंतीत रुतलेले असावे, किंवा स्क्रूंची डोकी वितळवून जोडलेली असावीत. आणि गच्चीचे दार! मुख्य दार सागवानी आणि गच्चीचे दार पत्र्याचे, असा प्रकार या शहरात सर्रास दिसतो. ज्या मोहल्ल्यांत गच्चीला गच्ची लागून आहे, तेथे गच्चीचे दार हेच दुसरे मुख्य दार समजले पाहिजे.

येथवरचा सल्ला कोणासही पटेल. परंतु येथेच थांबलो तर आम्ही अर्धेच बोललो असे होईल, आणि ते अर्धे घातकही ठरेल. १८ मे २०२५ च्या सकाळी सहाच्या सुमारास चारमिनारजवळच्या गुलजार हौज येथे एका इमारतीस आग लागली. खाली दुकाने आणि वर राहते घर, अशी आपल्या परिचयाची रचना. कुटुंब मोत्यांच्या व्यापारातले, म्हणजे आपल्यासारखेच. सुटीचे दिवस असल्यामुळे घरात मुलेबाळे व पाहुणे होते. त्या आगीत १७ जणांचा अंत झाला, आणि त्यांत ८ बालके होती. वर जाण्यायेण्यास सुमारे एक मीटर रुंदीचा एकच जिना होता, असे अग्निशमन दलाने नंतर सांगितले. कोणाच्या दुःखावर बोट ठेवण्याचा आमचा हेतू नाही, आणि तेथे कुलपाचा किंवा जाळीचा दोष होता असेही आम्ही म्हणत नाही. परंतु येण्याजाण्याची वाट एकच, आणि ती खालच्या दुकानांना लागून, ही स्थिती चारकमानपासून बेगम बाजारापर्यंत आपल्या कितीतरी घरांची आहे. त्या एका वाटेवर धूर भरला म्हणजे मनुष्य खिडकीकडे धावतो. तेथे त्यास काय आढळेल? आम्ही चोरासाठी बसविलेले गज.

आगीत मनुष्य ज्वाळांपेक्षा धुराने अधिक दगावतो, आणि धूर भरलेल्या खोलीत मिळणारा अवधी थोड्या मिनिटांचा असतो. चोराचा हिशेब जसा मिनिटांचा, तसाच हाही. दिवे गेलेले, डोळ्यांत धूर, कडेवर मूल. अशा वेळी जाळीच्या सरकत्या दाराचे टाळे उघडण्यासाठी कपाटातील किल्ली शोधावी लागणे म्हणजे काय, याची कल्पना प्रत्येकाने करून पाहावी. राष्ट्रीय इमारत संहितेत बाहेर पडण्याची दारे आतल्या बाजूने किल्लीवाचून उघडता आली पाहिजेत असे सांगितले आहे. मोठ्या इमारतींसाठी सांगितलेला हा नियम लहान घरास अधिकच लागू आहे. कारण मोठ्या इमारतीत दुसरा जिना तरी असतो.

‘मग जाळ्या काढून टाकाव्यात काय?’ असा प्रश्न व्यवहारी वाचक विचारील. मुळीच नाही. पूर्वजांनी हा प्रश्न सोडवूनच ठेविला आहे. हैदराबादच्या जुन्या तटास मोठे दरवाजे होते, आणि त्यांशिवाय लहान वाटाही होत्या. त्या लहान वाटांना येथील लोक ‘खिडकी’ म्हणत. आज दरवाजांपैकी पुराना पूल आणि दबीरपुरा हे उभे आहेत; बाकीच्यांची आणि काही खिडक्यांची केवळ नावे मोहल्ल्यांना उरली आहेत. मराठी वाड्याच्या भल्या मोठ्या दारातही एक लहानशी दिंडी असेच. रात्री महाद्वारास अडसर पडे. तरी नडीअडचणीस एका माणसास वाकून जाता येईल इतकी वाट हाताशी राही. हीच दिंडी आज आपल्या गजांच्या जाळीत हवी. प्रत्येक मजल्यावर, शक्य तर झोपण्याच्या प्रत्येक खोलीत, एका खिडकीच्या जाळीचा भाग बिजागरीवर उघडणारा करून घ्यावा. त्याची खिट्टी आतून लागणारी असावी. खिट्टी बाहेरून हात घालून पोहोचण्याजोगी असल्यास तीस झाकण बसवावे. आणि कुलूपच लावावयाचे झाले, तर त्याची किल्ली खिडकीपासून हातभर दूर, पण त्याच खोलीत, सर्वांस ठाऊक असलेल्या खिळ्यावर असावी. गच्चीच्या दारास आतून भक्कम अडसर असावा, टाळे नसावे. मुख्य दाराच्या कुलपाची चौकोनी जीभ आतून मुठीने फिरविता यावी. त्यासाठी किल्ली लागू नये. बाहेरच्या बाजूस जी शोभेची कडी असते ती काढून टाकावी, कारण ती बाहेरून लावून कोणीही आपणांस घरात कोंडू शकतो. विजेची नवी कुलपे घेणाऱ्यांनी ती बंद पडली असता आतून हाताने उघडतात की नाही, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे. याप्रमाणे केल्यास चोराची तीन मिनिटे कायम राहतात आणि घरच्यांची वाटही मोकळी राहते. दोन्ही कर्तव्यांत विरोध आहे असे वाटते ते वरवरचे आहे; आळसामुळे आपण एका टाळ्यावर दोन्ही कामे लादतो इतकेच.

जिन्याविषयी एक शब्द लिहिणे भाग आहे. दार कितीही सुलभपणे उघडले तरी पुढचा जिना मालाच्या खोक्यांनी भरलेला असेल, जिन्याखालीच विजेचे मीटर आणि त्यांस लागून कापडाचे गठ्ठे असतील, तर ते दार कोठे नेणार? जिना ही गोदामाची शाखा नव्हे, दाराचा तो पुढचा भाग आहे.

आता एक कटू गोष्ट. २३ मार्च २०२२ च्या पहाटे सिकंदराबादेत भोईगुडा येथे भंगाराच्या एका गोदामास आग लागून ११ मजूर मृत्यू पावले. ते बिहारमधून पोटासाठी आलेले होते व गोदामाच्या वरच्या मजल्यावर झोपत असत. खाली उतरण्यास एकच गोल लोखंडी जिना होता. ती घटना वाचून हळहळलो, आणि आपापल्या दुकानी गेलो. पण आपल्या बाजारपेठांत दुकानात किंवा गोदामात नोकरांना झोपविण्याची चाल जुनी आहे. तीत दोघांची सोय असते. त्याचा रात्रीचा निवारा होतो, आपल्या मालास राखण मिळते. मात्र काही ठिकाणी शटर खाली ओढून बाहेरून कुलूप लावले जाते आणि मालक किल्ली घेऊन घरी जातो, हे कानावर हात ठेवून नाकारण्यात अर्थ नाही. मुंगीस पाय लागू नये म्हणून जपणाऱ्या समाजाने रात्रभर एका जिवंत माणसास कुलपात ठेवावे, ही विसंगती आम्हांस सहन होत नाही. स्वतःच्या मुलास आपण असे ठेवले असते काय, एवढा एकच प्रश्न पुरेसा आहे.

म्हणून आपल्या संघाने पुढील सभेत हा विषय घ्यावा, असे आम्ही सुचवितो. भरीव दारे, चांगल्या बिजागऱ्या, लांब स्क्रू, उघडणाऱ्या जाळ्या यांची खरेदी एकेकट्याने केल्यास महाग पडते. शंभर घरांची एकत्र मागणी नोंदविल्यास ती रास्त दरात होईल, आणि मानकाचा शिक्का तपासून घेणारा एक जाणता मनुष्यही परवडेल. आपल्यातच लोखंड, लाकूड व हार्डवेअरचे व्यापारी आहेत. त्यांनी यात पुढाकार घ्यावा. दिवाळीच्या साफसफाईच्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने अर्धा तास काढून वरील सहा रीतींची यादी हाती घ्यावी आणि घराभोवती फिरावे. त्यानंतर एके रात्री दिवे मालवून घरातील लहानथोरांनी आपल्या बिछान्यापासून बाहेर पडून पाहावे. किती वेळ लागला, कोणाचा हात कोणत्या कडीवर अडला, हे तेव्हाच कळेल. आजीस उघडता न येणारी खिट्टी सुताराने दुसऱ्याच दिवशी बदलावी. या कामी घरातील स्त्रियांचे मत आधी विचारावे. दिवसभर त्या दाराशी व्यवहार त्यांचाच असतो, आणि अनोळखी मनुष्य दारात उभा असता भिंगातून कोण पाहतो, साखळी कोण लावतो, हे त्यांनाच ठाऊक असते.

खर्चाची सबब आम्हांस मान्य नाही. दाराच्या नक्षीवर होणाऱ्या खर्चाच्या लहानशा अंशात या लेखात सांगितलेल्या बहुतेक सुधारणा होतात. आणि एका सुधारणेस तर काहीच पैसे पडत नाहीत. दुकानात किंवा गोदामात झोपणाऱ्या प्रत्येक मनुष्यास आतून उघडता येईल असे दार आजच द्यावे, आणि ते होईपर्यंत त्या कुलपाची एक किल्ली त्याच्या हाती असावी. ज्याच्यावर आपण लाखोंचा माल सोपवून झोपी जातो, त्याच्यावर किल्लीचा विश्वास टाकण्यास हरकत ती कोणती?